विचारलं तेवढंच

७ जानेवारी

दादास,

नऊ वर्षांत लिहिलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी कळत नाही. तब्येत विचारावी तर तेवढा हक्क उरला नाही. म्हणून कामाचंच लिहितो.

वरच्या कोर्टाची यादी रोज सकाळी माझ्या टेबलावर येते. काल तीत तुझं नाव दिसलं. तुझं अपील मार्चच्या अखेरीस सुनावणीला लागलं आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो. कायदा दोनदा सांगायची मला खोड आहे. आपला लेथचा कारखाना मालडेपोसाठी घेतला तेव्हा नियम असा होता, की जागेवर राहतं घर असेल तर त्याच भागात पर्यायी जागा मिळणार. नुसता कारखाना असेल तर पैसे घ्या आणि उठा. कारखान्यामागची आईची खोली राहतं घर म्हणून धरली असती तर तुला जागा मिळाली असती, घराला आणि लेथलाही. खालच्या कोर्टानं ती खोली संपादनाच्या नोटिशीनंतरची ठरवली आणि धरली नाही. नोटिशीआधी बांधकाम सुरू झाल्याचा पुरावा तुझ्याकडे नव्हता.

परवा कपाट आवरताना तुझं एक जुनं पत्र सापडलं. नोटिशीच्या सोळा दिवस आधीचं. तू लिहिलं आहेस, 'आज आईच्या खोलीचा पाया भरून जोतं घेतलं. छपराचं पुढच्या महिन्यात, पत्रे आले की.' पाकिटावर टपालाचा शिक्का स्पष्ट आहे. पुढे घरगुती दोन ओळी आहेत, त्यांचा दाव्याशी संबंध नाही.

डेपो काही झाला नाही. ती जमीन आता एका गोदामवाल्या कंपनीला द्यायची चालली आहे. पर्यायी जागांपैकी चारच शिल्लक आहेत, त्या तुझ्या अपिलाच्या निकालापर्यंत कोर्टानं राखून ठेवल्यात. म्हणजे ही शेवटची संधी. तुझ्या वकिलाला माझा नंबर दे. पत्र मी सांभाळून ठेवलं आहे.

तुझा धाकटा

---

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, वहिनीचा फोन आला. मी नमस्कार म्हणायच्या आत म्हणाली, "भावोजी, ह्यांनी एकच विचारायला सांगितलंय. पत्र सापडलं, की होतंच?"

मी म्हटलं, "वहिनी, जुनी कपाटं, त्यात घर बदललं, त्या धांदलीत..."

"एवढं लांब नाही विचारलं त्यांनी."

मागे तुझ्या लेथचा आवाज येत होता. भाड्याच्या गाळ्यात का होईना, चालू आहे. बरं वाटलं. मग वहिनी म्हणाली, "मी तुमच्या कचेरीत पाण्याच्या मशीनशेजारी तीन तास बसले होते. तुमच्या शिपायानं दोनदा विचारलं, बाई, मशीन दुरुस्त करायला आलात का? तेव्हा ते कपाट नव्हतं वाटतं?"

तिला हसू येत होतं की रडू, मला ओळखता आलं नाही. फोन ठेवला तिनं.

म्हणून आता नीट लिहितो. पत्र सापडलं नाही. होतंच. खालच्या कोर्टात तुझा पुरावा चालू असताना वहिनी ते मागायला आली होती. मी तिला म्हटलं, शोधतो. चार दिवसांनी फोनवर सांगितलं, घर बदलताना गेलं. त्या वेळी ते माझ्या टेबलाच्या खणात होतं. फोन करताना मी तो खण गुडघ्यानं दाबून धरला होता, जसा काही तो आपोआप उघडणार होता.

तुला आठवतं, शाळेत गुरुजी एकेकाला उभं करायचे आणि बजावायचे, "विचारलं तेवढंच सांग. जास्तीच्या शब्दांतून खोटं आत शिरतं." आपण दोघं एकाच वर्गात बसायचो, तू पाचवीत, मी पहिलीत, शाळेला खोलीच एक. तू ते व्रतासारखं घेतलंस. आईनं विचारलं, "जेवलास का?" तर तू म्हणायचास, "हो." काय जेवलास, कुठं जेवलास, ते तिनं पुन्हा विचारायचं. ती वैतागून म्हणायची, "ह्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर विहिरीतून पोहरा ओढल्यासारखं होतं."

मी त्याचा धंदा केला. बावीस वर्षं जमिनी घेणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहिलो. रस्ते, कालवे, एक लांबच लांब पाइपलाइन. सुनावणीआधी मी जागेवर चालत जायचो. कुणाची चौकट नवी, कुणाच्या भिंतीचा गिलावा ओला, कुणी मोजणीच्या आदल्या आठवड्यात झाडं आणून रोवली, सगळं पाहून ठेवायचो. मग माणूस पिंजऱ्यात आला की त्याला एवढ्याशा दारातून आत घ्यायचं आणि दार लावून घ्यायचं. पुढं कंपन्यांची भांडणं आली. शीतगृहाचे दोन भागीदार पाटीवर कुणाचं नाव वर असावं यावरून सहा वर्षं भांडले. आतले बटाटे कधीच संपले होते. त्या भांडणांत मला झोप लागायची. जमिनीच्या कामात लागत नसे.

आईचं वहिनीकडून कळत होतं. खोली पाडल्यावर तुम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं गेलात आणि ती अकरा महिने जिना उतरली नाही. शेवटी खाली आली ती चौघांच्या खांद्यावर. तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास आणि माझ्याकडे पाहिलं नाहीस.

पत्र होतंच. एवढं दादाला सांगा असं वहिनीला म्हणवलं नाही, म्हणून लिहिलं.

धाकटा

---

२४ फेब्रुवारी

दादा,

तू विचारलं नाहीस, तरी हे सांगायचं आहे. गुरुजींचा नियम मोडून.

तुझ्या दाव्यात समोरची बाजू आमच्याच कचेरीकडे होती. थोरले साहेब मला म्हणाले होते, "भावाचं प्रकरण आहे, तुम्ही बाजूला व्हा." मी झालो. घरी तुम्हाला सांगितलं, मी त्या कामात नाही. कागदोपत्री ते खरं होतं. उलटतपास घ्यायला आमचा ज्युनियर गेला. टाय सारखा नीट करायचा म्हणून सगळे त्याला टायच म्हणायचे, तोच.

प्रश्न मी लिहून दिले.

साहेबांनी मागितले नव्हते. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मागितले होते. बायकोलाही तसंच सांगितलं. देवापुढं बसतो तिथंही तसंच बोललो असेन. पण नाही. टाय माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, हा साक्षीदार अवघड आहे, काही बोलतच नाही." तेव्हा माझ्या आत काहीतरी खूश झालं. मला वाटलं, ह्याला मी ओळखतो. ह्याच्याइतकं मी कुणालाच ओळखत नाही.

मी त्याला सांगितलं, "बांधकाम कधीचं हे विचारू नकोस. पायाचा शब्द काढू नकोस. फक्त छपराचं विचार. तो 'हो' म्हणेल आणि थांबेल. तू लगेच खाली बस."

त्यानं विचारलं, "सर, तो पुढे बोललाच तर?"

मी म्हटलं, "नाही बोलणार."

त्या दिवशी मी कोर्टात नव्हतो असं तुम्हाला वाटतं. मी दाराबाहेर उभा होतो. दार नीट लागत नसे, फटीतून आवाज येत होता.

"मागच्या खोलीवरचं छप्पर नोटिशीनंतर घातलं. बरोबर?"

"हो."

"झालं, साहेब." टायची खुर्ची वाजली.

तुझा तो चष्मेवाला वकील कागद चाळत बसला. त्यानं उठून 'आणि पाया?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. कुणी विचारलं नाही. नंतर टायनं सांगितलं, पिंजऱ्यातून उतरताना तू दाराकडे पाहत होतास. पाया आणि छप्पर वेगवेगळ्या महिन्यांतलं आहे हे तुझ्या पत्राशिवाय कुठं लिहिलेलं नव्हतं आणि ते पत्र एकाच माणसाला गेलं होतं. तुला तिथंच कळलं असणार.

वर्षभरात मी कचेरीत भागीदार झालो. टायला मी बढती दिली नाही. त्याच्याकडे बघवेना.

खोली पाडण्याआधीचा पंचनामा मी वाचला आहे. कारकुनाचं अक्षर सुरेख आहे. लांबी, रुंदी, दोन खिडक्या, पत्र्याचं छप्पर, 'दाराच्या डाव्या बाजूस एका विटेची जागा रिकामी.' त्याला वाटलं असेल गवंड्याची चूक. तुझ्या पत्रातल्या ज्या दोन घरगुती ओळी मी तुला लिहिल्या नाहीत, त्या अशा आहेत: 'दाराच्या डाव्या अंगाला एक वीट तुझी ठेवली आहे. आलास की लाव. आई विचारते.'

मी आलो नाही. तारखा होत्या.

आता कोर्टात प्रतिज्ञापत्र देईन म्हणतो. तुझ्या नव्या वकीलबाईंना भेटेन. तू नको म्हणालास तरी भेटेन.

धाकटा

---

२० मार्च

दादा,

वकीलबाईंना भेटलो. हुशार आहे मुलगी. तिशीही नसेल. तिच्या कचेरीत दोनच खुर्च्या, एक फायलींना दिलेली. फायली उचलून मला बसायला सांगितलं.

पत्र मी तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "सर, अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. आधी का आणला नाही ते विचारतात. प्रयत्न करूनही मिळाला नाही, असं दाखवावं लागतं."

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे."

"हो, तुम्हाला ठाऊकच असणार," ती म्हणाली. त्यात टोमणा असेल तर तो मी घेतला.

प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहिलं. हे पत्र मला टपालानं आलं, अक्षर माझ्या भावाचं, तेव्हापासून ते माझ्याच ताब्यात होतं. वाचून तिनं विचारलं, "अजून काही राहिलं का, सर?" मी म्हटलं, जेवढं लागतं तेवढं आहे.

२८ ला सुनावणी. मी येईन. तुला नको असेल तर मागे बसेन.

धाकटा

---

३१ मार्च

दादा,

तू होतास, वहिनी होती, मी होतो. तरी लिहितो. जे झालं ते एकदा कुठंतरी जसंच्या तसं लिहिलेलं असावं.

समोरच्या बाजूनं टाय उभा राहिला. आता त्याचे केस गेलेत, टायला मात्र हात जातोच. त्यानं पत्राबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. एवढंच म्हणाला, "पत्र खरं असेल. पण अर्जदारांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ते कुणाकडे आहे. भाऊच तो. मागायचं होतं." चांगला मुद्दा होता. मीही तोच काढला असता.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि तुला पुढं बोलावलं.

"हे पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मग खालच्या कोर्टात पाया आधीचा आहे असं का नाही सांगितलं?"

"विचारलं नाही."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा. बाईही हसल्या. म्हणाल्या, "सगळे पक्षकार तुमच्यासारखे असते तर आम्ही चारला घरी गेलो असतो." तू हसला नाहीस.

मग त्यांनी विचारलं, "पत्र भावाकडे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग त्यांच्याकडे मागितलं होतं का?"

सगळं ह्या एका प्रश्नावर होतं. 'मागितलं होतं, तो म्हणाला हरवलं,' एवढं तू म्हणाला असतास तर पत्र आत गेलं असतं, खोली धरली गेली असती, चारांतली एक जागा तुझी झाली असती. आणि माझ्यावर चौकशी बसून माझी सनद गेली असती. तुझ्यासमोर माझं प्रतिज्ञापत्र होतं. वहिनी आली होती, तीन तास बसली होती, मी खोटं बोललो, ते वाक्य त्यात नाही हे तू वाचलं होतंस. मी वाकून कबूल केलं ते जिथपर्यंत कंबर दुखत नाही तिथपर्यंतच, हे तुला कळलं होतं.

वहिनी बाकावरून अर्धी उठली. तू तिच्याकडे पाहिलंस. ती बसली.

"नाही," तू म्हणालास.

"का नाही मागितलं?"

"सुचलं नाही."

दादा, साक्षीदार बोलायच्या आधी किती थांबतो हे मोजायची मला सवय आहे. खोटं बोलणारा एकतर फार पटकन बोलतो, नाहीतर फार वेळानं. तू दोन्ही केलं नाहीस. छपन्न वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललास आणि तेही खऱ्यासारखं बोललास.

मी तिसऱ्या रांगेत होतो. अंगात कोट, गळ्यात बँड. उभं राहायला परवानगी लागत नाही. बाई लिहून घेत होत्या, त्यांना चार ओळी लिहायच्या होत्या, तेवढा वेळ माझ्याकडे होता. त्यांच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता. गुडघ्यांना मी मनातल्या मनात सांगितलं, उठा. ते नऊ वर्षांपूर्वीसारखेच काहीतरी दाबून धरून बसले.

दुपारी निकाल झाला. पत्र घेतलं नाही. अपील गेलं.

बाहेर व्हरांड्यात तू पाणी प्यायला गेलास. वहिनी माझ्यापाशी थांबली. मला वाटलं आता शिव्या देईल, देवानं द्याव्यात तशा. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमची सनद राहिली."

धाकटा

---

१७ एप्रिल

दादा,

फेरविचाराच्या अर्जाचे कागद परत मिळाले. मी दुसरं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं होतं, ह्या वेळी ते वाक्य घालून. वकीलबाई म्हणाल्या होत्या, तुझी सही लागेल आणि कोर्टात 'नाही' म्हणालो ते खोटं होतं असं तुला लिहून द्यावं लागेल. सहीची जागा कोरी आहे. सोबत चिठ्ठी नाही. पाकिटावर माझा पत्ता तेवढा तुझ्या अक्षरात आहे, पिनकोडसकट, व्यवस्थित.

मी फोन केला तर वहिनीनं उचलला. म्हणाली, "ते म्हणतात, एकदा सांगितलं ते सांगितलं." मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी समजवा." ती म्हणाली, "मी समजवलं असतं तर तुम्ही वकील झाला असता का? लेथवर दोघं बसला असता." तुम्ही माझी फी भरण्यासाठी पहिला लेथ विकला होता, ते तिला आठवत असावं. मग म्हणाली, "जेवणं व्हायचीत आमची," आणि ठेवला.

सनद परत करण्याचा अर्ज मी लिहिला होता. कचेरीत पाकिटात घातला, पुन्हा बाहेर काढला. ती माझी असती तर टाकून दिली असती. आता ती तू दिलेली आहे. तुझ्या आयुष्यातलं एकुलतं एक खोटं तिच्याखाली आहे. फेकली तर तेही वाया जातं, ठेवली तर रोज गळ्यात बांधावी लागते. तुला हे दिसत होतं का, ते मला विचारायचं नाही. माया म्हणून केलंस की शिक्षा म्हणून, तेही नाही विचारत. तू विचारलं तेवढं सांगशील, आणि ते मला ऐकवणार नाही.

सोमवारी मी कोर्टात गेलो. सिमेंटचा पुरवठादार पिंजऱ्यात होता, म्हातारा, हातात टोपी. उलटतपास माझा होता. मी उभा राहिलो. प्रश्न कागदावर होता, चांगला होता, एवढ्याशा दाराचा. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब?" मी म्हटलं, "काही विचारायचं नाही." अशील बाहेर माझ्यावर ओरडला. बरोबरच होतं त्याचं.

सकाळी देवासमोर बसतो. पूर्वी काही ना काही मागायचो. आता नुसता बसतो. मागितलं तर तोही म्हणेल, नऊ वर्षं कुठं होतास.

काल जमिनीवर गेलो होतो. सवयीनं, चालत. कंपनीनं तारेचं कुंपण घातलं आहे. आत गुडघाभर गवत. पहारेकरी म्हणाला, "साहेब, मोजणीवाले का?" मी हो म्हटलं, तेव्हा त्यानं आत सोडलं. कारखान्याचं काही उरलेलं नाही. मागं जाऊन पायानं गवत बाजूला केलं.

जोतं तिथंच आहे, दादा. पाडणाऱ्यांनी भिंती पाडल्या, छप्पर नेलं, जोत्याला कुणी हात लावला नाही. चारी बाजू एका पातळीत, काटकोनात, तुझ्या कामासारख्या. नऊ वर्षं उघड्यावर आहे. कोर्टातून कुणीही येऊन पाहू शकलं असतं. मला वीट लावायची होती ती दाराची बाजू कोणती, हे शोधायला बराच वेळ लागला. मी त्या खोलीत कधी आलोच नव्हतो.

धाकटा